ब्रीदला आत घ्या

डेरीलाहन, काउंटी मेयो
७ जानेवारी १९६७

प्रिय विने,

सप्रेम आठवण. नाताळचं पार्सल सुखरूप पोचलं. लोकर सुरेख आहे, पण हिरवी कशाला पाठवलीस? हिरव्या रंगात मी उकडलेल्या कोबीसारखी दिसते हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तरी स्वेटर विणायला घेतलाय. फुकटचं कोण सोडतं! इकडे सगळे खुशाल. गाय खुशाल, बोका खुशाल, मी खुशाल. आई जेवते, भांडते, शेजारणींच्या चुका काढते, म्हणजे तीही खुशालच म्हणायची. नॉर्मनचे खांदे कसे आहेत? बसचं चाक फिरवून दुखतात असं मागे लिहिलं होतंस.

काल बायकांचा नाताळ झाला. त्या दिवशी घरातली कामं पुरुषांनी करायची आणि बायकांनी पाय पसरून चहा-केक हाणायचा, हे सांगायला बरं आहे. आपल्या घरात पुरुष म्हणजे एकटा बोका. त्याने सकाळपासून काडीसुद्धा उचलली नाही. शेवटी मी आणि आई शेजारी फेस्टी मॅनियनकडे गेलो. फेस्टी म्हणजे शाळेत तुझ्या वेणीला गाठी मारायचा तोच. आता त्याला टक्कल पडलंय आणि पदरात चार मुली आहेत. रोज सकाळी चार डोक्यांच्या वेण्या घालताना तुझी आठवण येते म्हणाला. देव बघत असतो गं. काल त्याने बटाटे उकडले. निम्मे कच्चे, निम्मे करपलेले. एकाच पातेल्यात हे कसं साधलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याची बायको मात्र राणीसारखी बसून होती आणि "मीठ विसरलास" म्हणत होती.

त्याची थोरली, कॉन्सेप्टा, नर्स व्हायला डब्लिनला चाललीय. गुणी पोर. तू गेल्यापासून आधी तिची आत्या आणि मग ती, अशा मॅनियनांच्याच मुली आपल्या घरी संत ब्रीद होऊन येत आल्या. आता ब्रीदची रात्र महिन्यावर आली. म्हणून कॉन्सेप्टाच्या पाठची पुढे होऊन आईला म्हणाली, "गेराटीकाकू, यंदा तुमच्याकडे लव्हाळी घेऊन मी येऊ?"

आणि आई काय म्हणाली असेल? "नको गं बाळ. घरात लेकी असताना शेजारच्या पोरींना किती वर्षं राबवायचं?"

फेस्टीने करपलेला बटाटा तसाच गिळला.

घरी येताना वाटेत मी म्हटलं, "आई, मग यंदा मी होते ब्रीद."

"तू? तू बाहेर गेलीस तर आत माझ्या जोडीला 'ये बाई ये' कोण म्हणणार? तू आतली."

"मग बाहेर कोण?"

"पाय उचल. पाऊस येतोय."

आकाशात चांदणं पडलं होतं विने. ढगाचं नाव नव्हतं.

आठवतं तुला? तू ओल्या कुरणातून लव्हाळ्यांची जुडी खांद्यावर टाकून यायचीस, बंद दारावर थाप मारायचीस आणि घोगरा आवाज काढून ओरडायचीस, "गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रीदला आत घ्या!" आत आम्ही गुडघ्यांवर. आई पहिली म्हणायची, "ये बाई, ये! घर तुझंच आहे!" मग बाबा, मग मी. तू पुन्हा ओरडायचीस, आम्ही पुन्हा म्हणायचो. तिसऱ्यांदा झालं की दार उघडायचं. एकदा मी मध्येच हसले तर आईने गुडघ्यांवर बसल्या बसल्या माझ्या पाठीत धपाटा घातला होता. मग त्याच लव्हाळ्यांचे क्रूस विणायचे. तुझा नेहमी नेटका, माझा पाय मोडलेल्या कोळ्यासारखा.

हे आपलं सहज लिहिलं. आठवलं म्हणून. जानेवारीअखेर तुमच्या गिरणीत रजा मिळते का गं? तेही सहजच विचारतेय.

तुझी,
डिलिया


डेरीलाहन
१८ जानेवारी १९६७

प्रिय विने,

पत्र मिळालं. पत्र कसलं, तारच ती. "आईने मला बोलावलं का? हो की नाही एवढंच लिही." ना खुशाली, ना हवामान. लीड्समध्ये शाई महाग झाली का?

इकडे थंडी मरणाची आहे. पहाटे पंपातलं पाणी गोठतं. गाय फेब्रुवारीत व्यायची आहे, आतापासूनच तिचा तोरा बघावा. रविवारी फादर लॅव्हेल यांनी प्रवचनात ब्रीदचा विषय काढला. म्हणाले, संत ब्रिजिड, म्हणजे आपली ब्रीद, होऊन गेली हे खरं, पण तिच्याही आधी याच नावाची एक देवी इकडे होती. वसंताची, विस्तवाची, गुराढोरांची. लोकांनी जुन्या देवीचे सगळे लाड नव्या संतिणीला चिकटवले, तेव्हा क्रूस विणा, पण फार चेकाळू नका. घरी आल्यावर आई म्हणते, "असेल देवी. बाई कामाची दिसली म्हणून देवानेही ठेवून घेतली. यात फादरच्या पोटात का दुखतंय?" वर म्हणते, "आणि तो संत पॅट्रिक! त्याचा केवढा डामडौल! तो समुद्रापलीकडून आलेला पाहुणा. ब्रीद आपल्या घरची लेक. पाहुण्याला मिरवणूक आणि लेकीला दटावणी, हा कुठला न्याय?"

हे तुला लिहायला हवं असं वाटलं.

फेस्टीच्या गाडीचं चाक परवा चिखलात रुतलं. दुधाचे कॅन गडगडत

बरं बाई. खोडत नाही, पण पुरेही करत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तू विचारलंस, उत्तर देते.

नाही. आईने तुला बोलावलेलं नाही. तुझं नाव तिने घेतलेलं नाही, या महिन्यातही नाही आणि त्याआधी एवढ्या वर्षांतही नाही. पोस्टमन तुझं पत्र देतो तेव्हा ती बोक्याशी बोलायला लागते. मी वाचून होईपर्यंत बोलते. आणि ती शपथ अजून आहे तिथेच आहे. तू चर्च सोडून लीड्सच्या कचेरीत सही करून परपंथातल्या, मेथडिस्ट बसवाल्याशी लग्न केल्याचं कळलं, त्या दिवशी आई दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिली. "माझ्या जिवात जीव आहे तोवर विनी हा उंबरा ओलांडून आत येणार नाही." बाबा होते, फादर होते, फेस्टीची आई होती. चारचौघांसमोर घेतलेली शपथ. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, हे तुला मी सांगायला नको. तो पीळ तुझ्यातही आहे.

पण ऐक.

गेले दोन आठवडे आई रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून ब्रीदच्या जन्माची गोष्ट सांगते. कुणाला? बोक्याला. "ब्रीदची आई पहाटे दूध काढून आत येत होती. एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि तिथेच उंबऱ्यावर लेकरू झालं. म्हणून ब्रीद ना आतली, ना बाहेरची. उंबऱ्याचे नियम तिला लागत नाहीत बरं का." काल ही गोष्ट मी दहाव्यांदा ऐकली. मी म्हटलं, "आई, बोक्याला एवढं ज्ञान कशाला?" तर म्हणाली, "ज्याला ऐकायचं असेल तो ऐकेल."

आता तूच सांग. मॅनियनांची पोरगी नको. मी नको, कारण मी आतली. घरच्या लेकी असताना शेजारच्या कशाला. आपल्या आईला लेकी किती आहेत? मोज. माझ्यासारख्या मठ्ठ बाईलाही समजलं. शपथेला आई कुठे भोक पडतंय का ते चाचपडून बघतेय. विनी आत येऊ शकत नाही. ब्रीद आली तर तिला 'ये' म्हणावंच लागतं. तीनदा. स्वतःच्या तोंडाने. त्या रात्री दारात आलेल्या ब्रीदला 'नको' म्हणणारं घर मेयोत अजून कुणी पाहिलेलं नाही.

माझा अंदाज चुकला तर? तर तू फेस्टीकडे राहशील, करपलेले बटाटे खाशील आणि मला जन्मभर शिव्या देशील. खाईन मी.

आणखी एक गोष्ट आहे. आधी लिहिली नाही, कारण तू घाबरून धावत आली असतीस आणि मला तू घाबरून यायला नको होतीस. आईची नजर गेली. अगदी काळोख नाही. माणूस आहे की कपाट आहे एवढं समजतं. गुडघेही गेले. गेल्या उन्हाळ्यात पडली तेव्हापासून ती चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला सगळा वेळ बसूनच असते आणि आजूबाजूचे गुडघे टेकतात तेव्हा त्यांच्यावर खार खाते. तुझा चेहरा तिला दिसणार नाही विने. आवाज तेवढा ओळखेल.

आणि मला काय हवंय हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मला माझी बहीण हवीय. एवढी वर्षं मी या घरात दोघींच्या वाटचं ऐकून घेतलं. आता माझ्या जोडीला कुणीतरी दोन दिवस ऐकून घ्यायला ये.

तुझी,
डिलिया


डेरीलाहन
२५ जानेवारी १९६७

प्रिय विने,

"येते" हा एकच शब्द लिहायला तू पूर्ण कागद वापरलास याबद्दल देव तुझं भलं करो. शाई स्वस्त झालेली दिसते.

फेस्टी मंगळवारी दुधाची गाडी घेऊन क्लेअरमॉरिस स्टेशनवर येईल. टक्कल पाहून हसू नकोस, तो मनाला लावून घेतो. त्याच्याकडे चहा घे, गरम हो, आणि अंधार पडला की कुरणाच्या बाजूने ये. लव्हाळी तो दुपारीच काढून तुझ्या वाटेवर ठेवील. कापायची नसतात, हाताने उपटायची असतात हे मी त्याला बजावलंय. बायको तपासणार आहे.

दार बंद असेल. मी आत असेन. आम्ही दोघी गुडघ्यांवर नसू, कारण एकीला टेकताच येत नाहीत. आई यंदा खुर्चीत बसूनच म्हणेल. तू मात्र जोरात म्हण. गिरणीतल्या यंत्रांवरून ओरडतेस म्हणालीस ना, तशी ओरड.

आईला काही सांगितलेलं नाही. तिनेही काही विचारलेलं नाही. फक्त आज सकाळी म्हणाली, "डिलिया, यंदा फेस्टीकडून साय आणून लोणी जरा जास्त घुसळ." कशाला, म्हटलं. तर म्हणे, "महाग झालंय, असू दे घरात." आता हे कुठलं गणित?

नॉर्मनला सांग, त्याची बायको आम्ही परत पाठवू. न मोडता.

तुझी,
डिलिया


डेरीलाहन
६ फेब्रुवारी १९६७

प्रिय विने,

पोचल्याची तार मिळाली. बोट लागली नाही हे वाचून बरं वाटलं. गाईला शनिवारी कालवड झाली, चारही पाय जागच्या जागी आहेत. तुझा क्रूस दारावर लावलाय. माझा गोठ्यात लावलाय. गाईला नीटनेटकेपणाचं काही पडलेलं नाही.

तू शुक्रवारी गाडीत चढताना जे म्हणालीस ते माझ्या मनातून जात नाही. "डिलिया, दोन दिवस या घरात ब्रीद राहिली. विनी बाहेरच होती." खोटं नव्हतंच ते. दोन दिवस आई तुला "ब्रीद, चहा घे", "ब्रीद, विस्तवात जळणाची वीट टाक", "ब्रीद, पाय गार पडले असतील, चुलीजवळ सर" असंच म्हणत राहिली. तुझं नाव नाही, तुझ्या घराची चौकशी नाही, नवऱ्याचा विषय नाही. तू हसून सगळं केलंस. पण मी तुझी बहीण आहे, मला ते हसू कळतं.

म्हणून हे पत्र. त्या रात्री तू बाहेर होतीस, तुला आतलं माहीत नाही. आणि तू गेल्यावर काय झालं तेही नाही. दोन्ही सांगते. चहा घेऊन बस.

त्या संध्याकाळी मी बटाटे-कोबी घोटत होते आणि लक्ष सगळं दाराकडे, म्हणून निम्मं लोणी पातेल्याच्या बाहेर. आई खुर्चीत. केस विंचरलेले, नवा एप्रन. बोका मांडीवर. तिने चार वाजल्यापासून एकदाही कुणाची चूक काढली नव्हती, त्यामुळे घरात भलतंच शांत होतं.

मग तुझी थाप पडली. आणि तुझा आवाज, "गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रीदला आत घ्या!"

घोगरा काढायला गेलीस आणि मध्येच चिरकलीस. मला वाटलं, झालं, आता आई 'ये बाई' म्हणणार आणि तिच्या मागून मी. पहिला मान तिचा, घरच्या मोठ्या बाईचा. तिच्याआधी मी बोलू शकत नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिने बोक्याला खाली ठेवलं. खुर्चीचे हात धरले. आणि विने, ती खाली उतरायला लागली. आधी एक गुडघा. तो टेकल्याचा आवाज मला पार चुलीपाशी ऐकू आला. मग दुसरा. मी धावले, तर तिने हात असा झटकला की मी होते तिथे थांबले. फरशीवर गुडघे टेकून, पाठ ताठ, तोंड दाराकडे. पण तोंडातून शब्द नाही.

मी कुजबुजले, "आई, म्हण ना!"

ती म्हणाली, "गप. परत म्हणू दे तिला."

"अगं बाहेर हिमासारखा वारा आहे!"

"मला दिसत नाही डिलिया. ऐकू तरी दे."

म्हणून गप्प होतो आम्ही! कळलं का? तू बाहेर ते 'नको' समजलीस, हे मला नंतर फेस्टीने सांगितलं. इकडे आपली आई गुडघ्यांवर बसून तुझा आवाज पोटभर ऐकायला टपलेली. इतक्या वर्षांची भुकेली बाई, पहिल्या घासाला पुरे कशी म्हणेल?

तू दुसऱ्यांदा म्हणालीस. तेव्हा आवाज घोगरा नव्हता, तुझाच होता. आईने डोळे मिटले. गालांवरून पाणी. मी पुन्हा, "आई, आता तरी!" ती मान हलवून नाही म्हणाली आणि बोट वर केलं. अजून एक राहिलंय. तीनदा म्हणायचं असतं ना, मग तीनदा ऐकीन, तिन्हींचं उत्तर एकदम देईन. हा तिचा हिशेब.

आणि तिसरं आलंच नाही.

उंबऱ्यावर लव्हाळी ठेवल्याचा सळसळ आवाज आला. मग तुझी पावलं. लांब जाणारी.

आईच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी जन्मात एकदाच पाहिला, तो तेव्हा. "कुठे चाललीय ती? डिलिया, कुठे चाललीय? ये बाई, ये! ये! घर तुझंच आहे गं!" बंद दाराला ओरडत होती. उठायला गेली तर उठता येईना. गुडघे अडकले. मी तिला धरायला गेले तर अंगावर खेकसली, "मला काय धरतेस भवाने, दार उघड!" मी दाराचा अडसर काढेपर्यंत ती चार पायांवर रांगत सगळं स्वयंपाकघर ओलांडून आली होती. त्या गुडघ्यांवर. एप्रन फरशीवरून फरफटत, बोका बाजूने धावतोय, आणि तोंडाने अखंड, "ये बाई ये, ये बाई ये!"

तू फाटकातून मागे वळून पळत आलीस तेव्हा तुला आई उंबऱ्यावर ओणवी दिसली. निम्मी आत, निम्मी बाहेर, एक हात लव्हाळ्यांत. तुला वाटलं ती पडली. पडली नव्हती गं. तुझ्या मागे निघाली होती. फाटकापर्यंत गेली असती तशीच. मला विचारशील तर लीड्सपर्यंत.

मग तू तिला काखेत धरून उचललंस आणि आत घेऊन आलीस. इथपर्यंत तुला माहीत आहे.

आता तू गेल्यानंतरचं.

काल माससाठी गेलो. फादर लॅव्हेल दारातच उभे. गावात बातमी फिरली होती. फेस्टीच्या बायकोला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं. ते हसत म्हणाले, "मिसेस गेराटी, शपथ मोडली म्हणे! काही हरकत नाही, असल्या शपथा मोडलेल्याच बऱ्या."

आई काठी आपटून म्हणाली, "कुणी मोडली? मी शपथ घेतली होती की माझी लेक उंबरा ओलांडून आत येणार नाही. ती कुठे आली? मी बाहेर होते. तिने मला आत आणलं. ज्याला न्यायचं त्याच्याबरोबर नेणाऱ्याला जावंच लागतं. शपथ जशीच्या तशी आहे, फादर."

"तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

"वकिलांना शपथेची किंमत नसते," आई म्हणाली आणि आत जाऊन बसली. मी हसू दाबायला प्रार्थनेचं पुस्तक तोंडावर धरलं, तेही उलटं. तिने फादरसमोर 'माझी लेक' म्हटलं होतं, हे माझ्या ध्यानात प्रवचन अर्धं झाल्यावर आलं.

घरी आल्यावर तिने मला ब्रीदचं फडकं आणायला सांगितलं. त्या संध्याकाळी तिने ते बाहेर झुडपावर टाकलं होतं. रात्री ब्रीद हिंडते तेव्हा हात लावून जाते, मग ते वर्षभर दुखण्यावर चालतं, ही आईची श्रद्धा. ते फडकं दोन दिवस चुलीवर वाळत होतं. तू त्याने किटलीसुद्धा धरलीस. मी आईला ते सांगितलेलं नाही.

ती बसली मांडीवर घेऊन. दाताने कोपरा तोडला आणि टरकन पट्टी फाडली. "ही तुला, डोकेदुखीला." दुसरी फाडली. "ही माझ्या गुडघ्यांना." तिसरी गाईला, कारण ती नुकतीच व्यालीय. मी बटाटे सोलत होते. मला वाटलं संपलं. घरात आहोतच किती?

तिने चौथी फाडली. "ही विनीला," म्हणाली.

असंच म्हणाली. जशी रोजच म्हणत असावी. मी मान वर केली नाही. वर केली असती तर माझं रडू बघून तिने विषय बदलला असता. दिसत नसलं तरी रडणं तिला बरोबर समजतं.

मग तिने पाचवी फाडली. चांगली लांब, रुंद.

मी म्हटलं, "ही कुणाला? कालवडीला?"

"कालवडीला काय झालंय? तिच्या नवऱ्याला. दिवसभर ते चाक ओढून खांदे धरत असतील त्याचे. धरतात का?"

"धरतात."

"मग! वाटलंच मला." ती पट्टीची घडी घालायला लागली. घातली, उलगडली, पुन्हा घातली. "ज्याला द्यायची त्याचं नाव घेऊन द्यावी लागते. नुसतं 'अमक्याला' म्हणून चालत नाही. ब्रीदने तरी शोधायचं कुणाला? लीड्स केवढं मोठं आहे." मग माझ्याकडे नव्हे, चुलीकडे तोंड करून म्हणाली, "नाव काय गं त्याचं?"

मी सांगितलं.

"नॉर्मन," ती म्हणाली. तोंडात घोळवून बघितलं. "इंग्लिश नाव आहे."

"माणूसच इंग्लिश आहे आई."

"असू दे." आणि पट्टी दोन्ही हातांत धरून तिने ते पुन्हा घेतलं, मोठ्याने, देवापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने. बोका दचकून खाली उतरला.

दोन्ही पट्ट्या या पाकिटात आहेत. रुंद आहे ती त्याची. तू आपली त्याच्याशी अदलाबदल करायची नाही, असं तिने बजावलंय. तुझं नाव घेऊन तुला दिलीय आणि त्याचं घेऊन त्याला.

पत्र मिटायच्या आधी मी नेहमीप्रमाणे शेवटची ओळ मनातल्या मनात जुळवत होते, तर ती म्हणाली, "मी सांगते ते लिही." म्हणून खालची ओळ तिची आहे. एक शब्द मी विचारून घेतला, ऐकण्यात चूक नको म्हणून. "दोघांना?" म्हटलं. "दोघांनाच," म्हणाली. "बहिरी झालीस का?"

तुम्हां दोघांना आईचा आशीर्वाद.

तुझी,
डिलिया